घोरणं थांबलं, आईची धास्ती थांबेना

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी साडेसहा वर्षांची. तीन वर्षांची असल्यापासून ती घोरायची, तोंड उघडं टाकून झोपायची, झोपेत घामाने उशी भिजायची. घरातले म्हणायचे, दिवसभर हुंदडते म्हणून गाढ झोपते. एका डॉक्टरांनीही 'मोठी झाली की जाईल' म्हणून सांगितलं होतं. गेल्या वर्षी शाळेतून तक्रार आली की वर्गात लक्ष नसतं, चिडचिड करते. त्यातच ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी झोपेची तपासणी करून घेतली. तासाला सरासरी १६ वेळा श्वास अडत होता आणि रक्तातला ऑक्सिजन ७९ टक्क्यांपर्यंत उतरत होता. ऑपरेशनआधीच्या टू-डी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर 'माइल्ड पल्मनरी हायपरटेन्शन' आणि 'ट्रिव्हियल टीआर' असे शब्द होते (रिपोर्टचा फोटो सोबत आहे). पाच महिन्यांपूर्वी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढले. घोरणं जवळजवळ बंद झालं. हृदयरोगतज्ज्ञांनी सहा महिन्यांनी पुन्हा एको करायला सांगितला आहे. नवऱ्याचं म्हणणं, 'घोरणं थांबलं ना, मग आता कशाला खर्च?' सासूबाईंच्या मते टॉन्सिल काढायलाच नको होत्या. आई मात्र रात्रीतून तीन-चारदा उठून मुलीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते, तिला पळू देत नाही. 'मुलगी हार्ट पेशंट आहे, खेळायला घेऊ नये' अशी चिठ्ठीही तिने शाळेत दिली आहे. पाच महिन्यांत मुलीचं वजन १९ किलोंवरून २२ झालं. पत्राच्या शेवटी आई लिहिते: 'तीन वर्षं मी तिचं घोरणं ऐकत शेजारी झोपले. तिचं हृदय मीच खराब केलं का? आणि ते आता कधी नीट होणार?'

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीच्या सगळ्या काळज्या त्या एका वाक्याला लटकलेल्या आहेत.

'तिचं हृदय खराब केलं' असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी दोनदा वाचला. हृदयाची रचना नॉर्मल, कप्प्यांमध्ये कुठे छिद्र नाही, डाव्या बाजूचं पंपिंग उत्तम, उजव्या बाजूचा दाब किंचित वाढलेला. एवढंच त्यात आहे. हृदय खराब असल्याचं त्या कागदावर कुठेही नाही. तो शब्द तुमचा आहे, आणि तो रात्री तीन वाजता जागं राहून सुचलेला आहे.

रात्री तिच्या घशात आणि छातीत काय चालायचं, ते एकदा नीट समजून घ्या. जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट ताणून मोकळी धरतात. झोप लागली की ते सैल पडतात. साधारण दोन ते आठ वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड त्या एवढ्याशा घशाच्या मानाने फार मोठे असतात, म्हणून हा आजारही याच वयात जास्त दिसतो. सैल पडलेल्या घशात या गाठी एकमेकींना टेकतात. भिजून मऊ पडलेल्या कागदी नळीने घट्ट मिल्कशेक ओढायला गेलं की काय होतं, तुम्ही पाहिलं असेल: जितकं जोरात ओढावं तितकी नळी चपटी होते. मुलगी श्वास ओढायची, छाती आत जायची, पोट वर यायचं, पण हवा आत शिरायची नाही. मग ऑक्सिजन उतरायचा, मेंदू तिला अर्धवट जागं करायचा, एक मोठा श्वास घेऊन ती कूस बदलायची आणि पुन्हा झोपायची. तासाला १६ वेळा म्हणजे नऊ तासांच्या झोपेत दीडशेच्या आसपास. उशी घामाने का भिजायची, ते यावरून लक्षात येईल.

आता हृदयाचा संबंध. तुमच्या भागात उसाला दारं धरणारा माणूस, ज्या सरीत पाणी नेऊन उपयोग नाही ती माती ओढून बंद करतो आणि पाणी दुसऱ्या सरीत वळवतो. फुप्फुसं हेच करतात. ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हवा असलेल्या भागाकडे वळतं. एखाद्या कोपऱ्यात कफ साठला असेल तेव्हा ही युक्ती फार कामाची. पण घसाच बंद पडला तर सगळ्या सऱ्या एकदम बंद होतात आणि पाट मागे तुंबतो. या पाटाच्या मागे असतो हृदयाचा उजवा कप्पा. त्याची भिंत पातळ, कारण त्याचं काम फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त ढकलण्याचं. त्याला रात्रभर जास्त जोर लावावा लागला की तो दाब एकोमध्ये दिसतो. रिपोर्टवरच्या 'माइल्ड पल्मनरी हायपरटेन्शन' या शब्दांचा अर्थ इतकाच. डाव्या बाजूलाही थोडा ताण येतो: दर वेळी मेंदू दचकवून जागं करतो तेव्हा नाडी आणि रक्तदाब उसळतात, आणि झोपेत रक्तदाबाने जसं खाली यायला हवं तसा तो येत नाही.

म्हणजे हृदय आजारी नव्हतं. घशातल्या अडथळ्याचं ओझं ते वाहत होतं. तो अडथळा तुम्ही पाच महिन्यांपूर्वी काढलात.

हे ओझं उतरतं का? उतरतं, आणि वैद्यकाला हे साठ वर्षांपासून माहीत आहे. १९६५ मध्ये जॅकलिन नूनन या अमेरिकी बालहृदयरोगतज्ज्ञांनी दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. (नूनन सिंड्रोम हा जन्मजात आजार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्याच या.) मोठ्या टॉन्सिल-ॲडेनॉइडमुळे श्वास कोंडून त्या मुलांच्या हृदयाची उजवी बाजू थकली होती. त्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या त्रासाला 'पूर्वस्थितीला येऊ शकणारा' म्हटलं होतं, कारण गाठी काढल्यावर हृदय सावरलं. ती मुलं तुमच्या लेकीपेक्षा किती तरी जास्त आजारी होती. आज इतक्या टोकाला गेलेली मुलं क्वचित दिसतात, आणि तुमच्या मुलीसारखा सौम्य दाब बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो.

'ट्रिव्हियल टीआर' या शब्दांनीही तुमची झोप उडवली आहे. तुम्ही लिहिलंय, 'व्हॉल्व्ह लीक आहे.' ताई, उजव्या बाजूच्या झडपेतून इतकी नगण्य गळती पूर्ण निरोगी मुलांतही सर्रास दिसते. उलट, एको करणारे डॉक्टर त्याच गळतीचा वेग मोजून फुप्फुसांकडच्या दाबाचा अंदाज बांधतात. ती अगदीच नसली तर त्यांना अंदाज बांधणं अवघड जातं. आणि एकोवरचा दाब हा अंदाजच असतो, गणित करून काढलेला. मूल रडत असलं, हातपाय झाडत असलं तर तो थोडा वर-खाली होतो. त्या आकड्याकडे तराजूच्या काट्यासारखं बघू नका.

आता तुमच्यावरच्या दोषाबद्दल. 'घोरणं म्हणजे गाढ झोप' ही समजूत तुमच्या एकट्या घरातली नाही. ती आपल्या बहुतेक घरांत आहे, आणि सांगायला लाज वाटते, पण बराच काळ ती दवाखान्यांतही होती. मी बालरोगाची प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मूल आलं की ताप विचारायचे, खोकला विचारायचे, शी-शू विचारायचे, लसी तपासायचे. 'झोपेत घोरतं का, श्वास अडतो का' हा प्रश्न विचारायला मला बरीच वर्षं लागली. त्या वर्षांत अशी किती तरी मुलं माझ्यासमोर तोंड उघडं ठेवून बसली असतील, आणि मी त्यांच्या आयांना सर्दीचं औषध लिहून दिलं असेल. तुम्हाला तर एका डॉक्टरांनी 'मोठी झाली की जाईल' असं सांगितलंही होतं. विश्वास ठेवणं हा तुमचा गुन्हा होत नाही. शाळेची तक्रार आली तेव्हा तुम्ही मुलीला रागवत बसला नाहीत, तिला घेऊन तपासणीला गेलात. माझ्या हिशेबात त्या जाण्याचं वजन मोठं आहे.

पण तुमच्या यजमानांशीही मला बोलायचं आहे, कारण 'घोरणं थांबलं म्हणजे विषय संपला' हे गृहीतकही तितकंच तपासून बघायला हवं. घोरणं थांबणं ही फार चांगली खूण आहे. मात्र ती खूण आहे, पुरावा नव्हे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचे दोन गट केले होते. एका गटाचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्या गटाला लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. थांबलेल्यांतही ४६ टक्के आपोआप सुधारली होती, पण त्यात फार तीव्र आजाराची मुलं मुळात घेतलीच नव्हती. २०१० च्या दुसऱ्या एका पाहणीत ५७८ मुलं होती, त्यांतली निम्मी लठ्ठ. तिथे कडक मोजमाप लावल्यावर पूर्ण बरी ठरलेली मुलं जेमतेम २७ टक्के निघाली. बाकीची बरीच सुधारली होती, तरी थोडा आजार शिल्लक होता. दोन आकड्यांत एवढी तफावत का? मुलं वेगळी, मोजपट्टी वेगळी. ज्यांचा आजार आधीच तीव्र होता, ज्यांचं वजन जास्त, ज्यांना दमा किंवा ॲलर्जीची सर्दी, ज्यांचं वय सातच्या पुढे, त्यांच्यात आजार उरण्याची शक्यता जास्त.

मुलांमध्ये तासाला दहाच्या वर श्वास अडणं म्हणजे तीव्र आजार धरतात. तुमच्या मुलीचा आकडा १६ होता. म्हणून मला फक्त एको पुरेसा वाटत नाही. झोपेची तपासणीही एकदा पुन्हा व्हावी असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेतही, आधी तीव्र आजार असलेल्या मुलांची ऑपरेशननंतर पुन्हा तपासणी करावी असंच सांगितलं आहे. तुमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना सरळ विचारा: 'पुन्हा स्लीप स्टडी करायची का? नसेल करायची, तर का नाही?' पूर्ण तपासणी शक्य नसेल तर रात्रभराची ऑक्सिजनची नोंद ठेवणारं यंत्र मिळतं का, तेही विचारा. ते कमी सांगतं, पण अजिबात न बघण्यापेक्षा बरं.

खर्चाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. ऑपरेशनला आधीच पैसे गेलेत, आणि घरात बसून 'करा तपासण्या' म्हणणं सोपं असतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एको पुष्कळ कमी खर्चात होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत काय काय बसतं ते त्यांना विचारा. शाळांमध्ये आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या तपासणीसाठी पाठवण्याचं काम त्यांच्याकडे असतं. त्यांना जुना एको रिपोर्ट दाखवा. हा एको टाळू नये असं मला का वाटतं? कारण तो नॉर्मल आला तर या प्रकरणावर तुम्ही दोघंही विश्वासाने पडदा टाकू शकाल. न करता पडदा टाकलात तर यजमान शांत झोपतील आणि तुम्ही जागत राहाल. आणि समजा दाब अजून वाढलेलाच निघाला, तर घशात काही उरलंय का, की दाबाचं कारण दुसरंच आहे, याचा शोध वेळेवर सुरू होईल.

आता तुमच्या रात्रींकडे येते. ते ऑक्सिमीटर कपाटात ठेवा. करोनात घेतलेला तो चिमटा मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनवलेला असतो. लहान बोटावर तो सैल बसतो, हात हलला किंवा बोट गार असलं की खोटा आकडा दाखवतो. तुम्ही एकदा ८८ बघून घाबरलात आणि दोन मिनिटांनी ९८ आलं असं लिहिलंय, ते याच जातीचं असावं. शिवाय श्वास अडण्याचा त्रास क्षणाक्षणाने येतो आणि जातो. तीन वेळा मोजलेल्या तीन आकड्यांतून रात्र कळत नाही. आणि दर वेळी चिमटा लावताना तुम्ही तिची झोप मोडता, ती झोप तर तिला परत मिळवून द्यायला आपण निघालो होतो.

त्याऐवजी आठवड्यातून एकदाच बघा, पण योग्य वेळी बघा. मुलांमध्ये श्वास अडण्याचा त्रास स्वप्नांच्या झोपेत सर्वांत जास्त होतो, आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते. रात्री दहाला 'आता तर घोरत नाही' म्हणून निश्चिंत होणारे आईबाप पहाटे चारला गाढ झोपेत असतात. म्हणून पहाटे चार-साडेचारला पाच मिनिटं तिच्याजवळ बसा. श्वास नाकाने चाललाय का, आवाज येतो का, छाती आत खेचली जाते का, मध्येच शांतता पसरून मग एकदम मोठा श्वास येतो का, एवढंच पाहा. काही वेगळं वाटलं तर मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. असा व्हिडिओ दाखवलात तर डॉक्टरांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा लवकर उमगतं.

शाळेतली ती चिठ्ठी मात्र मला सगळ्यांत जास्त टोचली. माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तिला खेळायला मनाई केलेली नाही, निदान कागदावर तरी तसं काही नाही. पुढच्या भेटीची वाट बघू नका. फोन करा आणि एवढंच विचारा: 'हिला पळायला, दोरीवरच्या उड्या मारायला, पोहायला मनाई आहे का?' 'नाही' असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ती चिठ्ठी परत घ्या. मुलीसमोर घ्या. साडेसहा वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल 'मी हार्ट पेशंट' असं ऐकलं की ते तिच्या डोक्यात घर करतं. मोठेपणी रिपोर्ट नॉर्मल दाखवून ते निघत नाही. मैदानाच्या कडेला बसवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हृदयाला काही झालेलं नसतं, पण धावताना लागलेल्या साध्या धापेलाही ती घाबरतात.

कशाला घाबरायचं ते मात्र माहीत हवं. पळताना चक्कर येऊन पडली, ओठ किंवा नखं निळसर दिसली, बसल्या जागी धाप लागली, पायांवर सूज आली, किंवा पुन्हा झोपेत श्वास अडायला लागला, तर एकोच्या तारखेची वाट न बघता दाखवा. हे सगळं होण्याची शक्यता तुमच्या मुलीच्या बाबतीत मला फार कमी दिसते.

वजनाबद्दल. पाच महिन्यांत तीन किलो म्हणजे या वयात साधारण वर्षभरात वाढावं तेवढं. यातला काही भाग आनंदाचा आहे. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात जी ताकद जायची ती आता वाचते, घास गिळताना अडत नाही, आणि वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त पाझरतं, ती झोप तिला आता मिळते. ऑपरेशननंतर मुलं भरतात, हे सगळीकडे दिसतं. पण हाच वेग असाच चालू राहिला तर मला चालणार नाही. वर म्हटलेल्या ४६४ मुलांच्या अभ्यासातही आधीच जाडसर असलेली काही मुलं ऑपरेशननंतर लठ्ठपणाकडे सरकली होती. मानेभोवती आणि घशाभोवती चरबी वाढली की टॉन्सिल नसतानाही वाट पुन्हा अरुंद होते. तुमच्या घरात काय चाललं असेल ते मी ओळखू शकते: 'आता कुठे पोरगी जेवायला लागली' म्हणून पोळीवर तुपाची धार, दुधात पावडर, आणि ऑपरेशनच्या वेळी सुरू झालेलं आइस्क्रीम अजून चालूच. पावडर आणि रोजचं आइस्क्रीम थांबवा. बाकी तिला घरचं जेवू द्या, आणि पळू द्या. तीन महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही मोजून बालरोगतज्ज्ञांकडच्या वाढीच्या तक्त्यावर टिंब द्यायला सांगा. नुसत्या किलोंवरून मला किंवा कुणालाच काही सांगता येणार नाही.

आणखी एक मोजमाप आहे. ते स्वस्त आहे, आणि तरी मुलांच्या बाबतीत हटकून राहून जातं. रक्तदाब. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाचा तो वर्षातून एकदा बघायला हवा, आणि ज्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास होता त्यांचा तर दर भेटीत. पट्टा लहान मुलांचाच हवा. मोठ्यांचा पट्टा लावला तर आकडा खोटा कमी येतो. आणि १२०/८० हे मोठ्यांचं माप तिला लावू नका. सहा-सात वर्षांच्या मुलीचा रक्तदाब ११८/७८ आला तर तो जास्त आहे. मुलांचा रक्तदाब वय आणि उंचीच्या तक्त्यावर बघतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सौम्य त्रास असलेल्या ४५९ मुलांच्या अभ्यासात वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्या मुलांचा रक्तदाब थांबलेल्या मुलांपेक्षा थोडा कमी आढळला. एकाग्रतेच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गट सारखेच निघाले. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही 'ऑपरेशन झालं तरी अभ्यासात लक्ष नाही' असंही एका ओळीत लिहिलंय. चिडचिड आणि वागणूक बहुतेकदा लवकर सुधारते. अभ्यासाला जरा वेळ द्या, आणि सगळा भार टॉन्सिलवर टाकू नका. साडेसहा वर्षांच्या मुलांचं अभ्यासात लक्ष नसण्याला इतरही पुष्कळ कारणं असतात.

सासूबाईंचा मुद्दा थोडक्यात. टॉन्सिल हे शरीराच्या संरक्षणातलं एक ठाणं आहे, एकमेव नव्हे. जिभेच्या मुळाशी, घशात, मानेत, आतड्यात तशी पुष्कळ ठाणी आहेत. टॉन्सिल काढलेली मुलं त्यामुळे सारखी आजारी पडताना मी पाहिली नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एक काम सांगा: मुलगी झोपते त्या खोलीत रात्री उदबत्ती आणि डासांची कॉइल लावायची नाही, मच्छरदाणी लावायची. चुलीचा, बंबाचा, विडी-सिगारेटचा धूर तिच्या नाकात गेला तर नाकाची आतली त्वचा सुजते आणि मोकळी केलेली वाट पुन्हा अडते. नातीसाठी हे त्या मनापासून करतील.

तुमच्यासारखं पत्र लिहायच्या तयारीत असलेल्या, पण मुलाचं ऑपरेशन अजून व्हायचं असलेल्या आईबापांसाठी इथेच थोडं लिहिते. घोरणाऱ्या प्रत्येक मुलाला एको लागत नाही. आजार तीव्र असेल, रक्तदाब जास्त असेल, वाढ खुंटलेली असेल किंवा तपासताना हृदयाबद्दल शंका आली तर डॉक्टर तो सांगतात. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात झोपेच्या तपासणीचा आणि एकोचा कागद स्वतः द्या. फाईलमध्ये असेलच असं धरून चालू नका. रात्री वारंवार ऑक्सिजन उतरणारी मुलं अफूजन्य वेदनाशामकांना जास्त संवेदनशील असतात, त्यांना नेहमीचा डोसही जास्त होऊ शकतो. मूल तीन वर्षांखालचं असेल, आजार तीव्र असेल, हृदयावर ताण दिसला असेल तर 'संध्याकाळी घरी जा' असलं ऑपरेशन नको. पहिली रात्र रुग्णालयात, नाडी आणि ऑक्सिजनवर यंत्राची नजर ठेवूनच काढावी. घरी आल्यावर दुखण्यासाठी कोडीन (हेही अफूजन्यच) असलेलं कोणतंही औषध अठरा वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, खोकल्याच्या बाटलीतलंसुद्धा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास खपली सुटताना रक्त येऊ शकतं. थुंकीत लाल ताजं रक्त दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे आईबाप हे वाचत असतील तर त्यांना वेगळं सांगते. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण फार मोठं असतं, आणि फुप्फुसांकडचा दाब वाढण्याची प्रवृत्तीही जास्त. त्यांची झोपेची तपासणी चार वर्षांच्या आत, मूल घोरत नसलं तरी, व्हावी. टॉन्सिल काढल्यावर बऱ्याच जणांत आजार उरतो, म्हणून त्यांची पुन्हा तपासणी कधीच टाळू नका. इथे मी ताईंना दिलेला धीर जसाच्या तसा तुम्ही घेऊ नका, तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचं ऐका.

पुन्हा तुमच्याकडे येते, ताई. एकोची तारीख या आठवड्यात घेऊन टाका. पुढच्या महिन्यातली चालेल, पण कॅलेंडरवर लिहा. जाताना जुना रिपोर्ट न्या, म्हणजे तुलना करता येईल. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीनच: दाब आता किती आहे, आणखी एको लागणार आहे का, आणि खेळण्यावर काही बंधन आहे का. तिसऱ्याचं उत्तर कागदावर लिहून मागा. तो कागद शाळेला देता येईल आणि रात्री तुम्हालाही वाचता येईल.

पहाटेचं ते आठवड्यातून एकदाचं बसणं यजमानांकडे सोपवा. त्यांना वाटतं सगळं संपलंय, तुम्हाला वाटतं काहीच संपलेलं नाही. त्यांनी एकदा चार वाजता उठून पाच मिनिटं लेकीचा श्वास ऐकावा आणि काय ऐकलं ते सकाळी चहा घेताना तुम्हाला सांगावं. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. मोबाईलचा गजरही त्यांच्याच उशाशी ठेवा.